सुधारून घेतलेली आवृत्ती

आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती. पण बंदुकीची शिस्त मात्र होती. बाबा पोलीस खात्यात हवालदार होते आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे शस्त्रागारात गेली. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत ते नेमके कोठे होते हे लिहायचे नाही, असे आमच्यात ठरले आहे, म्हणून ते सांगत नाही. कामावरून आले की त्यांच्या हातांना बंदुकीच्या तेलाचा वास यायचा. साबणाने धुतला तरी तो बोटांच्या पेरांत राहायचा आणि जेवताना वरणभाताच्या वासात मिसळून जायचा. माझ्या लहानपणी बाबांचा वास म्हणजे तोच.

त्यांना मोजायची सवय. बाजारातून आणलेली अंडी मोजायची, दुधाच्या कार्डावरच्या खुणा मोजायच्या, एस.टी.त चढल्यावर पिशव्या मोजायच्या आणि उतरताना पुन्हा मोजायच्या. कुणाच्या हातात कात्री किंवा विळा द्यायचा तर मूठ त्याच्याकडे आणि पाते आपल्याकडे. रात्री दाराची कडी लावली तरी अंथरुणावरून उठून ती एकदा हाताने चाचपून पाहायची. आई हसायची. मी चिडायची. माणूस पस्तीस-छत्तीस वर्षे एकच काम करतो तेव्हा ते काम निवृत्तीच्या दिवशी कचेरीत ठेवून येत नाही, हे कळण्याइतकी मी तेव्हा मोठी नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी दोन पूजा होत. सकाळी मुख्यालयात शस्त्रपूजा. तेथे ओळीने मांडलेल्या बंदुकांवर झेंडूची फुले वाहून बाबा घरी येत. मग माझे पाटीपूजन. पाटीवर सरस्वती काढून झाली की संध्याकाळी काका यायचे. काका म्हणजे बाबांच्याच गावचे आणि त्यांच्याच तुकडीत भरती झालेले त्यांचे मित्र. उजवा पाय किंचित ओढत ते पायऱ्या चढायचे, माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवायचे आणि म्हणायचे, "घे बाई, सोनं घे." त्यांच्या गुडघ्यात गोळी लागली होती. जंगलात चकमक झाली, समोरून गोळी आली, काका पडले पण मागे हटले नाहीत, अशी ती गोष्ट मला माहीत होती. ती मला कोणी सांगितली हे आज आठवत नाही. गल्लीतल्या मुलांनी असेल, किंवा मी स्वतःच जुळवली असेल. नववीत असताना शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'मला भेटलेला वीर' या विषयावर मी ती गोष्ट सांगितली. पहिला क्रमांक आला. काका समोरच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र मागच्या दाराने बाहेर गेले होते. तो पेला अजून आमच्या कपाटात आहे.

आता या गोष्टीचा बंदुकीच्या इतिहासाशी संबंध कसा आला ते सांगते.

बी. ए. च्या वर्गात सर आम्हांला पाठभेद शिकवत होते. एकाच ग्रंथाच्या हस्तलिखितांत शब्द कसे बदलतात, नकलणाऱ्याच्या हातून चुका कशा शिरतात आणि त्या चुकाच पुढे कशा परंपरा बनतात, हे त्यांनी सांगितले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या आधीच्या तीनशे वर्षांत तिच्यात कितीतरी अपपाठ शिरले होते. सर म्हणाले, "ज्या ग्रंथाच्या सुधारलेल्या प्रती निघतात, त्याच्यावर कोणीतरी प्रेम केलेले असते." मग ज्याला त्याला आपापल्या आवडीच्या वस्तूच्या आवृत्त्या शोधून टिपण लिहायला सांगितले. कुणी आरतीचे पाठ घेतले, कुणी भुलाबाईच्या गाण्यांचे. मी घरी येऊन बाबांना विचारले, "तुमच्या स्टेनगनच्या किती आवृत्त्या निघाल्या?"

बाबा म्हणाले, "ते स्टेनगन नव्हे. कार्बाइन म्हनतात तिले."

येथूनच सुरुवात झाली. आपल्या वर्तमानपत्रांतून, कथाकादंबऱ्यांतून आणि बोलण्यातून 'स्टेनगन' हा शब्द इतका रुळला आहे की खांद्याला लटकणारी, आडव्या मॅगझिनची कोणतीही आखूड बंदूक आपल्याला स्टेनगनच वाटते. पण स्टेन ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजी बंदूक. आपल्या पोलिसांच्या हाती बाबांच्या काळी जी दिसे ती तिची पुढची पिढी. आई आणि मुलगी यांत आपण आईचेच नाव मुलीलाही देऊन टाकले आहे.

या जातीच्या बंदुकीला सबमशीनगन म्हणतात. पिस्तुलात जाणारी लहान गोळी, पण मशीनगनसारखी एकामागून एक सुटणारी. लांब पल्ला तिला नाही. बाबांच्या भाषेत ती "अंगणातली बंदूक". रस्त्यापलीकडच्या माणसासाठी तिचा उपयोग, टेकडीवरच्या माणसासाठी नव्हे.

१९४० च्या मे-जून महिन्यांत इंग्रजांचे सैन्य फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून कसेबसे परतले. माणसे वाचली, पण तोफा, गाड्या आणि बंदुकांचे ढीग तेथेच पडून राहिले. जर्मन सैन्य केव्हा समुद्र ओलांडील याचा नेम नव्हता. अमेरिकेची थॉमसन बंदूक, जिला सैनिक टॉमीगन म्हणत, ती उत्तम होती. पण तिचा पोलादी सांगाडा कातून काढावा लागे आणि किंमत दोनशे डॉलरच्या घरात जाई. तेव्हा एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातल्या दोघांनी, मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी, १९४१ च्या सुरुवातीला एक साधी बंदूक पुढे ठेवली. शेफर्डचा एस, टर्पिनचा टी आणि एनफिल्डचे ई-एन, झाले स्टेन. पोलादाची एक नळी, आत सरकणारा एक जड बोल्ट, एक स्प्रिंग आणि डाव्या बाजूला आडवे बसणारे मॅगझिन. किंमत अडीच पौंडांच्या आसपास. गोळी शत्रूचीच, जर्मन ९ मिलिमीटरची, म्हणजे जर्मनांची पकडलेली काडतुसेही चालावीत. सैनिक तिला 'प्लंबरची बंदूक' म्हणून हसत. पण युद्ध संपेपर्यंत तिच्या चाळीस लाखांच्या आसपास प्रती निघाल्या. कोणत्या ग्रंथाच्या निघाल्या असतील?

आणि आवृत्त्या! पहिल्या स्टेनला पुढे लाकडी मूठ आणि नळीच्या तोंडाशी ज्वाळा झाकणारे टोपण तरी होते. दुसऱ्या आवृत्तीत तेही गेले. नळी पिळून काढता येई, दांडा काढता येई आणि सगळी बंदूक पिशवीत मावे. विमानांतून हवाई छत्रीने ती फ्रान्स, नॉर्वे, डेन्मार्क येथल्या भूमिगतांकडे टाकली गेली. पोलंडमधल्या भूमिगतांनी तर तळघरांतल्या कार्यशाळांतून तिच्या नकला केल्या. शेवटी हरत आलेल्या जर्मनांनीही तिची नक्कल केली. तिसरी आवृत्ती सर्वांत उघडीबोडकी. लाइन्स ब्रदर्स नावाच्या, एरवी मुलांची खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ती केली. तिची नळी बदलतासुद्धा येत नसे; झिजली की बंदूक फेकून द्यायची. चौथी काही नमुन्यांपुढे गेलीच नाही. १९४४ साली पाचवी निघाली तेव्हा इंग्लंडवरचे संकट ओसरले होते. मग तिला लाकडी दस्ता मिळाला, मूठ मिळाली, संगीन लावायची सोय मिळाली. माणसाच्या घरासारखेच हे. आधी भिंती आणि छप्पर. रंग आणि तावदाने पुढे सुबत्ता आल्यावर.

हे सारे वाचताना मला गंमत वाटत होती. पण टिपणे काढता काढता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक नवी आवृत्ती ही मागच्या आवृत्तीतल्या चुकीची कबुली असते. आणि दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात त्या चुकीची किंमत कोणीतरी दिलेली असते.

स्टेनची पहिली चूक तिच्या मॅगझिनमध्ये होती. (आपल्या या वार्षिक अंकालाही इंग्रजीत मॅगझिनच म्हणतात, आणि दोन्हींत माल कोंबून भरला की अडकतो, असे आमच्या संपादकमंडळाचे मत आहे.) स्टेनच्या मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या दोन रांगांत बसत आणि तोंडाशी येऊन त्या दोन रांगांची एक रांग होई. अरुंद दारातून दोघे एकदम निघू पाहतात तेव्हा जे होते तेच तेथे व्हायचे. म्हणून अनुभवी सैनिक ३२ च्या जागी २८ किंवा ३० च भरत. २७ मे १९४२ रोजी प्राग शहरात एका वळणावर योझेफ गाबचिक नावाचा चेकोस्लोव्हाक सैनिक नाझी अधिकारी हायड्रिख याच्या उघड्या मोटारीसमोर उभा राहिला आणि त्याने स्टेनचा चाप ओढला. बंदूक सुटलीच नाही. त्याचा सोबती यान कुबिश याने बॉम्ब फेकला, आणि त्या जखमांनी हायड्रिख ४ जूनला मेला. पुढे सूड म्हणून नाझींनी लिडित्से हे सबंध गाव पुसून टाकले. चाप ओढूनही गोळी सुटली नाही त्या क्षणी गाबचिकला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण आहे, ते थॉमसनचे. नाईक यशवंत घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगन चालू झाली आणि त्यांच्याखेरीज सारे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावले. बॉम्बने मशीनगन बंद केली, टॉमीगनने एकाला टिपले आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही असे दिसताच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी तिच्या दस्त्याने लढले. नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना मारले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही हकीकत मी बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "बंदुकीचं काम संपलं तेव्हा मानसाचं सुरू झालं."

स्टेनची दुसरी चूक मात्र अधिक वाईट होती. पहिलीत गोळी हवी तेव्हा सुटत नसे. दुसरीत नको तेव्हा सुटे. या बंदुकीत नेम धरताना बोल्ट मागे ओढून अडकवलेला असतो. चाप ओढला की तो पुढे धावतो, वाटेत मॅगझिनमधली गोळी ढकलत नळीत नेतो आणि त्याच झेपेत तिला उडवतो. आता समजा बोल्ट पुढेच आहे, मॅगझिन लावलेले आहे आणि बंदूक दस्त्यावर आपटली. जड बोल्ट आपल्याच वजनाने थोडा मागे सरकतो. चापाच्या खाचेत अडकण्याइतका मागे तो जात नाही; पण गोळीच्या मागे जाण्याइतका जातो. मग स्प्रिंग त्याला पुढे लोटते. चापाला कोणाचे बोट लागलेले नसते, कोणाचा कोणावर नेम नसतो, आणि गोळी सुटते. पुढच्या काळातल्या स्टेनमध्ये बोल्टची मूठ आत दाबून त्याला पुढच्या जागी जखडायची सोय केली. ती कबुली होती.

जॉर्ज पॅचेट नावाच्या कारागिराने युद्ध चालू असतानाच स्टर्लिंग कंपनीत नवी बंदूक जुळवायला घेतली, आणि १९५३ साली इंग्लंडच्या सैन्याने ती स्वीकारली. तीच स्टर्लिंग. तिच्या वाकड्या मॅगझिनमध्ये ३४ गोळ्या बसतात. त्या दोन रांगांतूनच वर येतात आणि आत त्यांना ढकलायला लहान रूळ आहेत, त्यामुळे दारातली चेंगराचेंगरी संपली. बोल्टवर पिळाच्या धारा कोरल्या, त्या आत शिरलेली माती खरवडून बाहेर टाकतात. आणि मुठीवर एक खटका बसवला, त्याच्या तीन जागा: एकेक गोळी, सलग गोळ्या आणि सुरक्षित. सुरक्षित जागी आणला की बोल्ट पुढे असो वा मागे, जखडला जातो. गंमत अशी की या नव्या बंदुकीला जुन्या स्टेनचे सरळ मॅगझिनही चालते. मुलीने आईचे लुगडे जपून ठेवावे तसे. हीच स्टर्लिंग परवान्याने आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत होऊ लागली आणि 'कार्बाइन १ ए' या नावाने सैन्यात व पोलिसांत आली.

बाबांनी ज्या जुन्या जमादारांकडून काम शिकून घेतले ते स्टेनच्या काळातले. ३४ च्या मॅगझिनमध्येही ३० च गोळ्या भरा, असे ते सांगत; आणि बाबाही पुढे सर्वांना तेच सांगत राहिले. दोष दूर झाला होता, पण दोषाची सवय राहिली होती. सरांना मी हे सांगितले तेव्हा ते खूश झाले. "हाच पाठभेद!" म्हणाले.

कार्बाइन आपल्या जंगलात आली, पण जंगल तिला फारसे मानवले नाही. १९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून नक्षलवादी सिरोंचाच्या बाजूने शिरले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. १९९० साली स्थानिक तरुणांची सी-६० ही तुकडी उभी राहिली. नंतरच्या लढाईत दोन्ही बाजूंना लांब पल्ल्याच्या रायफली आल्या, आणि वाटेत पुरलेले सुरुंग आले, ज्यांच्यापुढे कोणतीच बंदूक चालत नाही. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ १७ पोलीस गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्रदिनी, जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. बांबूच्या रांजीत आणि सागाच्या रानात, दहा पावलांवरचे दिसत नाही तेथे, माणसे दोन्हीकडची मेली, आणि ज्यांच्या हाती काहीच नव्हते ते गावकरी मधल्या मध्ये मेले. चकमक म्हणजे काय हे आम्हां शाळकरी मुलांना कोठे ठाऊक होते? आम्हांला लंगडणाऱ्या प्रत्येक पोलिसाच्या पायात शौर्यच दिसायचे.

गेल्या वर्षी, १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, भूपती या नावाने ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव हा माओवाद्यांचा मोठा नेता सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. दूरदर्शनसंचावर ती दृश्ये दाखवत होते. वर्दीतले तरुण-तरुणी एकेक करून पुढे येत होते आणि शस्त्रे खाली ठेवत होते. आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "कोणाकोणाची लेकरं असतील!" मी इतिहास घडताना पाहते आहे अशा थाटात बसले होते. बाबा एकदम पुढे सरकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सेफ्ट्या लावल्या असतील ना रे ह्यायनं?"

मी हसले. एवढ्या मोठ्या प्रसंगी यांना खटक्याचे पडले आहे! बाबा हसले नाहीत. बातम्या संपल्यावर त्यांनी संच बंद केला. आई आत गेली. ते म्हणाले, "तुझ्या त्या टिपनात खटक्याचं लिहिलं का तू?"

"लिहिले ना."

"मग अजून एक लिहाचं राहिलं."

आणि माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ती सकाळ त्यांनी मला सांगितली. बंदोबस्ताला गाड्या निघायच्या होत्या. हत्यारे कमी, माणसे जास्त, वर घाई. एका कार्बाइनचा खटका सैल होता. सुरक्षित जागी ठेवला तरी धक्क्याने सरकायचा. बाबांनी तो आदल्या दिवशीच पाहिला होता आणि ती दुरुस्तीला बाजूला काढून ठेवायची असे मनात ठरवले होते. मनात; वहीत लिहिले नव्हते. सकाळी रांगेत शेवटचा माणूस उरला आणि शेवटचे हत्यारही तेच उरले. शेवटचा माणूस म्हणजे काका. बाबांनी नोंदवहीत क्रमांक घातला, काकांनी सही केली. दीड तासाने कच्च्या रस्त्यावरच्या एका खड्ड्यात जीप आदळली आणि काकांच्या पायांमध्ये उभी ठेवलेली कार्बाइन निसटून दस्त्यावर आपटली. पुढे काय झाले ते मी वर लिहिलेच आहे. फक्त तेव्हा मी ते लोखंडाविषयी लिहिले होते.

"अपघात म्हनून लिहिलं गेलं," बाबा म्हणाले. "अपघातच होता तो. पन खटका सैल हाये हे मले माहीत होतं, हे मी कोनाले सांगितलं नाही. तुझ्या काकालेही नाही."

मला नववीतला तो मागचा दरवाजा आठवला, ज्यातून बाबा बाहेर गेले होते. मी व्यासपीठावरून हात उंचावून काकांना वीर करत होते आणि त्या वेळी हा माणूस अंगणात उभा राहून काय मोजत असेल? अंडी, पिशव्या, कडी, कात्रीची मूठ. इतकी वर्षे ज्याला मी स्वभाव समजत होते ती नोंदवहीत न लिहिलेली एक ओळ होती. ती ते रोज लिहीत होते.

दिवाळीच्या पाडव्याला काका आले. फराळाचे ताट पुढे ठेवून आई आत वळली तेवढ्यात बाबांनी सांगून टाकले. फार शब्द नव्हतेच. काकांच्या हातात चकली होती. ती त्यांनी ताटात ठेवली आणि बराच वेळ गुडघा चोळत बसले. भिंतीवरचे घड्याळ मला पहिल्यांदाच इतके मोठ्याने ऐकू आले.

मग काका म्हणाले, "गाडीत बसल्यावर मीबी पाह्यला होता तो खटका. हातानं हलवून पाह्यला. तेव्हाच मॅगझिन काढून खिशात ठेवाले पाह्यजे होतं. म्हटलं, आता कोन काढत बसते." थोडे थांबून ते बाबांना म्हणाले, "मले वाटे, तुले समजलं तर तू मले शिव्या देशील."

म्हणजे दोघांनाही ठाऊक होते. इतक्या वर्षांच्या दसऱ्यांना दोघांनी एकमेकांना सोने दिले, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून एकच गोष्ट लपवत होता. यामुळे बाबांची चूक कमी झाली असे मी म्हणणार नाही. बाबाही म्हणत नाहीत. काकांचा पाय त्या दिवशीही पायऱ्या उतरताना तसाच ओढला जात होता. पण निघताना त्यांनी बाबांच्या खांद्याचा आधार घेतला. एरवी ते कठड्याला धरून उतरतात.

मी दाराशी उभी राहून त्यांना विचारले, "काका, मी शाळेत सांगितलेली ती गोष्ट... तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

ते म्हणाले, "तू एवढी छान सांगत होतीस बाई. अन् पोलिसाच्या पायाले कोनी तरी टाळ्या वाजवत होतं." मग म्हणाले, "आता खरी लिही. फक्त आमची नावं नको टाकू."

सरांनी टिपण मागितले होते ते बंदुकीच्या आवृत्त्यांवर. स्टेन कोणी केली, स्टर्लिंगमध्ये काय सुधारले, हे सारे त्यात आले आहे. मात्र कारखान्यातली चूक दुरुस्त करायला शेफर्ड, टर्पिन, पॅचेट असे नामवंत बसलेले असतात. नव्या प्रतीवर नवा क्रमांक छापला जातो. घराघरांतून चालत आलेल्या गोष्टींचे तसे नसते. तेथे पहिल्या आवृत्तीवरच पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या पडत राहतात, आणि शुद्ध प्रत ज्याच्यापाशी असते तो मागच्या दाराने बाहेर गेलेला असतो.

नववीत मी सांगितलेल्या गोष्टीची ही सुधारून घेतलेली आवृत्ती. छापण्यापूर्वी ती बाबांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. शेवटी एवढेच म्हणाले, "मॅगझिनमध्ये तीसच लिहिलं ना? चौतीस नको लिहू. पोरं वाचतील."